फणीश्वरनाथ रेणू: कुठून वाचावेत, कसे वाचावेत

एका वाचक बाईंनी विचारलं आहे: "‘तीसरी कसम’ सिनेमा आवडला म्हणून ‘मैला आंचल’ विकत घेतली. पन्नासेक पानांनंतर थांबले. दर पानावर नवा माणूस येतो, नायक कोण ते कळत नाही, आणि हिंदी बरी येत असूनही ही हिंदी निम्मी डोक्यावरून जाते. रेणू खरंच इतके मोठे लेखक आहेत का, की अभ्यासक्रमात असल्यामुळे मोठे झाले? त्यांच्याविषयी सविस्तर सांगा, आणि कुठून सुरुवात करू तेही सांगा."

तुम्ही जिथे थांबलात तिथे बरेच मराठी वाचक थांबतात. हिंदी कथासाहित्य शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. ‘मैला आंचल’ वर्गात सुरू केली की पहिल्या आठवड्यात हीच तक्रार यायची: सर, यात गोष्ट कुठे आहे? तेव्हा आधी पुस्तकापासूनच सुरुवात करतो, लेखकाचं आयुष्य मागाहून.

तुम्ही नायक शोधत होतात. त्यात चूक काही नाही, आपली सवयच तशी आहे. ‘गारंबीचा बापू’मध्ये बापूच्या मागोमाग जाताना कोकण दिसतं. ‘बनगरवाडी’त तरुण मास्तर आपल्याला वाडीत घेऊन जातो आणि त्याला जे उमगतं ते आपल्यालाही उमगत जातं. पहिली १९५२ ची, दुसरी १९५५ ची, आणि मधे १९५४ साली ‘मैला आंचल’. म्हणजे मराठीत आणि हिंदीत एकाच सुमाराला कादंबरी शहरी दिवाणखान्यातून बाहेर पडत होती. पण रेणूंच्या मेरीगंज गावात तुमच्या सोबतीला कोणी दिलेलं नाही. डॉक्टर प्रशांत बाहेरून येतो खरा, पण तो येण्याआधीच गाव बोलायला लागलेलं असतं, आणि तो आल्यावरही कादंबरी त्याच्या डोळ्यांना बांधून घेत नाही. ती यादवटोलीत, म्हणजे यादवांच्या वस्तीत जाते, मठात जाते, तहसीलदाराच्या ओसरीवर बसते, संथाळांच्या वस्तीत मांदळ ऐकते. पाहणारा एक कुणी नाही आणि बोलणारे शंभर आहेत. रेणू हा ऐकणारा लेखक आहे, आणि त्यांचं राजकारणही या ऐकण्यातच आहे. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

पहिलं प्रकरण पुन्हा उघडून बघा. १९४२ च्या चळवळीत मेरीगंजात ना फौज आली ना आंदोलन. आल्या त्या फक्त जिल्हाभरच्या बातम्या, त्याही अफवा होऊन. अशा गावात एके दिवशी जिल्हा बोर्डाची माणसं मलेरिया सेंटरसाठी जमीन मोजायला येतात. गावाला वाटतं मिलिटरी आली. बहिऱ्या चेथरूला पकडलं म्हणे, विहिरीवरची बादली सोडून नेली म्हणे. मग यादवटोलीची माणसं डोकं लढवतात. बालदेव नावाचा एक खादीधारी, जेलात जाऊन आलेला माणूस मावशीकडे येऊन राहिलेला असतो. त्याला दोरीने बांधून साहेबापुढे हजर करतात: हा सुराजी आहे हुजूर, आमच्या गावचा नाही, घेऊन जा. साहेबाबरोबरचा कारकून त्याला ओळखतो आणि साहेब मोठ्या आदराने त्याला नमस्कार करतो. दोरी सुटते आणि त्याच घटकेपासून बालदेव गावाचा पुढारी होतो.

जरा थांबून बघा इथे काय काय झालं. एक दहशत, एक अफवा, एक स्वार्थी शहाणपण आणि शेवटी सरकारी माणसाच्या एका नमस्काराने बदललेली इज्जत. देशाच्या राजकारणात जे पुढे घडायचं होतं, साहेब ज्याला ओळखतो तो पुढारी, ते या गावात दोन-चार पानांत घडून गेलं. आणि यावर लेखकाने स्वतःचं एक वाक्य खर्च केलेलं नाही. जे आहे ते गावाच्या तोंडून.

भाषा डोक्यावरून जाते म्हणालात. मैथिली, भोजपुरीच्या छटा, बंगाली, नेपाळी, संथाली, कबीरपंथी मठाची बोली, कचेरीची उर्दू, असं सगळं त्या हिंदीत आहे. बनारसच्या वाचकालाही अनेक शब्दांवर अडखळायला होतं. पण त्यातले निम्मे अवघड शब्द हे खरं तर आपल्या ओळखीचे, गावाच्या तोंडात पडून बदललेले आहेत. डिस्ट्रिक्ट बोर्डाचं ‘डिस्टीबोट’, सोशालिस्टचं ‘सोशलिट’, इन्किलाबचं ‘इनकिलास’. मोठ्याने वाचा, लगेच उलगडतील. आणि हे गंमत म्हणून घातलेलं नाही. पाटण्याहून, दिल्लीहून निघालेली घोषणा टोल्याटोल्यांतून फिरत गावाच्या शेवटच्या घरी पोचते तेव्हा तिचं काय होतं, कोण तिला आपल्या सोयीने वळवतं, हे रेणू उच्चारांतून दाखवतात. शब्दकोश घेऊन बसू नका. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर टोल्यांचा नकाशा काढा: कायस्थांचा मालिकटोला, राजपुतांचा सिपहियाटोला, यादवांची वस्ती, मूठभर ब्राह्मण, मठ, गावाबाहेर संथाळ. कोण कुठल्या टोल्यातून बोलतोय एवढं कळलं की माणसांची गर्दी आपोआप निवळते.

आता लेखकाकडे.

रेणूंचा जन्म ४ मार्च १९२१ चा, औराही हिंगना या खेड्यातला. तेव्हा ते पूर्णिया जिल्ह्यात होतं, आज अररिया जिल्ह्यात आहे. उत्तरेला हाकेच्या अंतरावर नेपाळ, पूर्वेला बंगाल, जवळून कोसी नदी. घर खात्यापित्या शेतकऱ्याचं, मागास मानल्या गेलेल्या जातीतलं; वडील काँग्रेसच्या चळवळीत रस घेणारे, घरी वर्तमानपत्रं-मासिकं येत. रेणू हे नाव कसं पडलं याची हकीकत प्रसिद्ध आहे: ते जन्मले तेव्हा घरावर कर्ज, म्हणजे ऋण चढलं, म्हणून आजी लाडाने ‘रिनुआ’ म्हणू लागली, त्याचं पुढे रेणू झालं.

शिक्षण अररिया-फारबिसगंजला आणि मग सीमेपलीकडे विराटनगरला. तिथे कोइराला कुटुंबाने चालवलेल्या शाळेत आणि त्यांच्याच घरातल्या वातावरणात हा मुलगा वाढला. नेपाळच्या लोकशाही चळवळीत पुढे जी माणसं पंतप्रधानपदापर्यंत गेली, त्यांच्याशी घरोबा होता. तिथून बनारस हिंदू विद्यापीठ. १९४२ ला अभ्यास सोडून चळवळीत, मग तुरुंग. भागलपूरच्या तुरुंगात सतीनाथ भादुडी भेटले. पूर्णियाचे बंगाली लेखक, ‘ढोडाय चरित मानस’चे कर्ते. रेणूंनी त्यांना आयुष्यभर गुरू मानलं. सुटल्यावर समाजवादी पक्षाचं काम, शेतकरी-मजुरांच्या सभा, विराटनगरच्या ज्यूट गिरणीतला संप, आणि १९५० मध्ये राणाशाहीविरुद्धच्या नेपाळी क्रांतीत प्रत्यक्ष भाग.

हे सगळं सविस्तर सांगण्याचं कारण आहे. आपल्याकडे रेणूंची ओळख ‘लोकगीतांचा, मातीच्या वासाचा गोड लेखक’ अशी करून दिली जाते. त्यात लोकगीतं आहेत, मातीही आहे. पण हा माणूस तिशीपर्यंत पक्षाचा पूर्णवेळ कार्यकर्ता होता. गावोगाव पायी फिरून, सतरंजीवर बसून लोकांचं ऐकणं आणि त्यातून कोण खरं बोलतंय ते ताडणं हा त्याचा रोजचा उद्योग होता. त्यांचा कान असा तयार झाला. ‘मैला आंचल’मधल्या सभांची वर्णनं वाचताना हे जाणवतं. सभेत कोण पुढे बसलंय, कोण मागे उभं आहे, टाळ्या कुठल्या शब्दाला पडल्या, हे सभा भरवणाऱ्यालाच सुचतं.

मग क्षयाने गाठलं. पाटण्याच्या मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात बराच काळ पडून राहावं लागलं. तिथे परिचारिका असलेल्या लतिकाजींनी शुश्रूषा केली आणि १९५२ मध्ये दोघांनी लग्न केलं. गावी आधीचा संसार होता, पत्नी पद्माजी होत्या, मुलं होती. रेणू पुढे पाटणा आणि औराही अशा दोन घरांत वावरले. सक्रिय पक्षकार्य याच सुमाराला सुटलं. जी गोष्ट सभेत सांगता येत नव्हती ती लिहायला बसण्यासाठी आजारपणाने वेळ दिला.

‘मैला आंचल’च्या प्रस्तावनेखाली तारीख आहे ९ ऑगस्ट १९५४. चळवळीत तुरुंगात गेलेल्या माणसाने बारा वर्षांनी त्याच तारखेची सही करावी हा योगायोग मला तरी वाटत नाही. त्या छोट्या प्रस्तावनेत ते म्हणतात की यात फूलही आहे, काटाही आहे, चिखलही आहे आणि चंदनही, आणि मी कशापासूनच पदर वाचवून निसटू शकलो नाही. पुस्तक आधी पाटण्याहून एका लहानशा प्रकाशनाने काढलं. नलिन विलोचन शर्मांसारख्या समीक्षकाने त्याचं मोल ओळखून लिहिलं, आणि लवकरच राजकमल प्रकाशनाने ते दिल्लीहून आणलं. मग वादही झाले. ही भादुडींच्या कादंबरीची नक्कल आहे असा आरोप झाला. खुद्द भादुडींनीच तो फेटाळला. रामविलास शर्मांसारख्या मोठ्या समीक्षकाला पुस्तक रुचलं नाही. लेखकानेच प्रस्तावनेत ‘आंचलिक उपन्यास’, म्हणजे प्रादेशिक कादंबरी म्हटल्यामुळे तो शिक्का मात्र कायमचा बसला. मला तो अपुरा वाटतो. आंचलिक म्हटलं की वाचक बोलीभाषा आणि सणवार शोधतो, आणि बावनदास हातचा सुटतो.

बावनदासबद्दल सांगायलाच हवं, कारण तुम्ही थांबलात तिथून तो अजून पुढे आहे. जेमतेम दीड हात उंचीचा हा ठेंगू माणूस, गांधींचा निस्सीम कार्यकर्ता. स्वातंत्र्य आलेलं आहे, काँग्रेसच्या कचेरीत कालचे काळाबाजारवाले चिटणीस होऊन बसलेत, आणि बावनदास हे सगळं बघतो आहे. तो भाषण करत नाही, राजीनामा देत नाही. गांधीजी गेल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, कडाक्याच्या थंडीत, तो एकटा नव्या पाकिस्तानच्या हद्दीवर जातो. तिथून रात्री चोरट्या मालाच्या बैलगाड्या पलीकडे जाणार असतात, कापड, साखर, सिमेंट, आणि मागे असतो काँग्रेसचाच एक पदाधिकारी. बावनदास गाडीवाटेच्या मधोमध उभा राहतो. गाड्या थांबत नाहीत. त्याच्या अंगावरून जातात, एकामागून एक. नंतर अलीकडची माणसं प्रेत नागर नदीच्या पलीकडे टाकून येतात, पलीकडचे शिपाई ते पुन्हा नदीत सोडतात. दोन देशांपैकी कुणालाच ते नको असतं. त्याची झोळी एका झाडाला लटकलेली राहते. पुढे लोक ते पिराचं स्थान समजतात, नवस बोलून तिथे चिंध्या बांधू लागतात.

१९५४ साली, स्वातंत्र्याला सात वर्षं झाली असताना, हे लिहिलं गेलं. गांधीवादाचं काय झालं यावर नंतर हिंदीत पुष्कळ लिहिलं गेलं, पण इतक्या थोड्या शब्दांत इतकं थेट कुणी लिहिल्याचं मला माहीत नाही. आणि पुन्हा तेच: शेवटचा शब्द गावाचा. जिवंतपणी ज्याची थट्टा केली, त्याच्या झोळीला लोक हात जोडतात, आणि ती कुणाची हे त्यांना ठाऊकही नसतं.

याच कादंबरीतला संथाळांचा भाग तितकाच जड आहे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे टोले संथाळांच्या जमिनीचा प्रश्न येताच एक होतात आणि त्यांच्यावर तुटून पडतात; कोर्टात शिक्षा मात्र संथाळांना होते. देश स्वतंत्र होतो त्याच सुमाराला हे घडतं. रेणूंना गावाबद्दल माया आहे म्हणून ते गावाला पाठीशी घालतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही प्रकरणं वाचावीत.

कमजोर जागाही सांगतो. डॉक्टर आणि कमला यांचं प्रेम बरंचसं त्या काळच्या सिनेमासारखं आहे. शेवटी तहसीलदाराला एकाएकी उपरती होऊन तो जमिनी परत करतो, तेही मला पटत नाही. त्याआधीची शेकडो पानं ज्या माणसाने लिहिली, त्यालाही मनातून पटलं नसावं. मलेरिया आणि काळा आजार यांवर संशोधन करायला आलेल्या डॉक्टरला शेवटी रोगाचे खरे जंतू सापडतात ते दोन, गरिबी आणि अडाणीपणा, हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हमखास येतं. मला त्यापेक्षा बावनदास पुष्कळ मोठा वाटतो.

आता सुरुवात कुठून करायची ते. कथांपासून करा. ‘ठुमरी’ हा पहिला संग्रह १९५९ चा. त्यात ‘रसप्रिया’, ‘ठेस’, ‘लाल पान की बेगम’, ‘पंचलाइट’ आणि ‘तीसरी कसम अर्थात मारे गये गुलफाम’ आहेत. पहिली ‘पंचलाइट’ घ्या, अर्ध्या तासाची कथा आहे. महतो टोलीने दंडाच्या पैशांतून जत्रेत पेट्रोमॅक्स घेतली. पूजा झाली, सगळा टोला जमला, आणि मग लक्षात आलं की ती पेटवता कुणालाच येत नाही. येते ती फक्त गोधनला. पण मुनरीकडे बघून सिनेमाची गाणी म्हणतो म्हणून त्याला पंचांनी वाळीत टाकलेलं. दुसऱ्या टोल्यासमोर नाक जायची वेळ आली तेव्हा पंचांनी त्यालाच बोलावलं. स्पिरिट नव्हतं, त्याने खोबरेल तेलावर बत्ती पेटवली. सरदार म्हणाला, तुला सात खून माफ, गा सिनेमाची गाणी. ही हलकीफुलकी कथा आहे, पण जातपंचायतीचा कायदा कधी आणि कशासाठी वाकतो ते ती नेमकं सांगते.

मग ‘संवदिया’. माझ्या मते ही रेणूंची सर्वांत परिपूर्ण कथा. संवदिया म्हणजे तोंडी निरोप पोचवणारा. जुन्या काळी निरोप शब्दशः आणि ज्या सुरात सांगितला त्याच सुरात पोचवणं हे त्याचं कसब. टपाल आल्यावर त्याला कोण विचारतो? अशा हरगोबिनला मोठ्या हवेलीतून बोलावणं येतं. हवेली आता नावालाच उरली आहे. थोरला मुलगा वारला, धाकट्या तिघांनी वाटण्या केल्या. थोरल्या सुनेच्या अंगावरचे दागिने ओरबाडून घेतले, बनारसी साडीचेसुद्धा तीन तुकडे करून वाटून घेतले आणि शहरात निघून गेले. ती एकटी मागे राहिली. उधारी मागायला मोदीण दारात बसलेली. ही थोरली सून, म्हणजे बहुरिया, रडत निरोप सांगते: आईला म्हणावं, मी भावांच्या घरी चाकरी करीन, उष्टं खाऊन कोपऱ्यात पडून राहीन, पण इथे आता राहवत नाही, चंदनबटव्याची भाजी खाऊन किती दिवस जगू?

हरगोबिन तिच्या माहेरी जातो. पाहुणचार होतो, ताट समोर येतं, आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हातारी आई विचारते, काही निरोप आहे का? आणि आयुष्यात पहिल्यांदा हा संवदिया निरोप सांगत नाही. सगळं ठीक आहे म्हणतो. का? आपल्या गावची लक्ष्मी उपाशी आहे हे परगावात जाऊन कोणत्या तोंडाने सांगायचं? ते ऐकणारे आपल्या गावाला काय म्हणतील? परतीच्या तिकिटाला पैसे कटिहारपर्यंतच पुरतात. तिथून जलालगढपर्यंतचे वीस कोस तो उपाशी चालत येतो आणि येऊन कोसळतो. शुद्धीवर आल्यावर बहुरियाचे पाय धरतो: निरोप सांगू शकलो नाही, पण तू गाव सोडून जाऊ नकोस, तू सगळ्या गावाची आई आहेस, मी आता रिकामा बसणार नाही. आणि तिलाही तोवर निरोप पाठवल्याचा पश्चात्ताप होत असतो.

ज्याचा धंदाच ऐकलेलं जसंच्या तसं पोचवणं, त्याने तोंड बंद ठेवलं यातून रेणूंनी कथा उभी केली. कुठेही गळा काढलेला नाही. मी ही कथा वर्गात कधी समजावून सांगितली नाही, मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर प्रश्न विचारायची गरज पडत नसे.

‘तीसरी कसम’ तुम्ही पडद्यावर पाहिली आहे. गीतकार शैलेंद्र यांनी ती काढली, दिग्दर्शन बासू भट्टाचार्यांचं, छायाचित्रण सुब्रत मित्रांचं, संवाद स्वतः रेणूंचे. १९६६ साली चित्रपट आला. शेवट गोड करा असा वितरकांचा आग्रह होता. शैलेंद्र आणि रेणू बधले नाहीत. तिकीटबारीवर तो चालला नाही, शैलेंद्र कर्जात बुडाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात गेले. राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला तो हाच चित्रपट. आता कथा वाचा. हिरामन चाळिशीचा, काळाकभिन्न, नेपाळच्या सीमेवरून मालाची ने-आण केलेला गाडीवान आहे. कथा सुरू होते तीच त्याच्या पाठीत होणाऱ्या गुदगुल्यांनी, कारण मागे गाडीत हिराबाई बसली आहे आणि वळून बघायचं धाडस त्याला होत नाही. पडद्यावर वहिदा रहमान पहिल्यापासून समोर असतात. कथेत हिराबाई बराच वेळ म्हणजे नुसता आवाज आणि चाफ्याचा वास. हा फरक तुमच्या तुम्ही अनुभवावा म्हणून अधिक सांगत नाही.

कथा झाल्या की ‘ऋणजल धनजल’ घ्या. हे रिपोर्ताज, म्हणजे प्रत्यक्ष पाहून लिहिलेले वृत्तांत आहेत: १९६६ चा दक्षिण बिहारमधला दुष्काळ आणि १९७५ चा पाटण्याचा पूर. दुष्काळी भागात ते हिंदी कवी-कादंबरीकार अज्ञेयांबरोबर हिंडले होते. पुराच्या वेळी पाणी त्यांच्याच राजेंद्रनगरच्या घरापर्यंत आलं. पाणी चढायची वाट बघत असताना जुने पूर आठवतात. त्यातली एक आठवण मला फार मोलाची वाटते. मदतीची नाव मुसहर या दलित जातीच्या वस्तीकडे चालली आहे. लोक उपाशी, उंदीर-मासे भाजून खाणारे. जवळ येताना ढोलकीचा आवाज येतो. बघतात तर पाण्यात उंच मचाण बांधून तिथे नाच चाललेला, रुसलेल्या नवरीचं सोंग आणि लोक खदाखदा हसताहेत. मदत वाटायला गेलेला रेणू हे ऐकून टिपतो, त्यावर दया दाखवत नाही. त्याच लेखाच्या शेवटी ते म्हणतात की आपल्याजवळ कॅमेरा असता, टेपरेकॉर्डर असता तर. पेन होतं तेही चोरीला गेलं. बरंच झालं, काही नाही ते.

‘परती: परिकथा’ (१९५७) शेवटी ठेवा. कोसीने प्रवाह बदलत बदलत मागे टाकलेली रेताड, पडीक जमीन आणि तिथे आलेली जमिनीची मोजणी, सर्व्हे सेटलमेंट. कोसी धरणाचा नेपाळशी करार १९५४ चा. ती आशा या कादंबरीत पुरेपूर आहे. सर्व्हेच्या काळात भाऊ भावाविरुद्ध, बाप मुलाविरुद्ध दावे लावतो ते भाग जबरदस्त आहेत. पण नायक जितेंद्र मला जरा जास्तच उजळ वाटतो. ‘दीर्घतपा’, ‘जुलूस’, ‘कितने चौराहे’ या नंतरच्या कादंबऱ्या नाही वाचल्यात तरी चालेल. पूर्व बंगालच्या निर्वासितांवरची ‘जुलूस’ विषयासाठी चाळावी.

राहिली शेवटची काही वर्षं. १९७२ मध्ये ते फारबिसगंजमधून अपक्ष म्हणून विधानसभेला उभे राहिले, काँग्रेस आणि समाजवादी दोघांविरुद्ध, आणि हरले. १९७४ ला बिहार आंदोलनात जयप्रकाशांबरोबर रस्त्यावर उतरले, तुरुंगात गेले. ४ नोव्हेंबर १९७४ ला पाटण्यात जयप्रकाशांवर लाठ्या चालल्या. त्यानंतर रेणूंनी १९७० साली मिळालेली पद्मश्री राष्ट्रपतींना परत केली. ती आता माझ्यासाठी ‘पापश्री’ झाली आहे, असं लिहिलं. बिहार सरकारचं दरमहा ३०० रुपयांचं मानधनही सोडलं. ज्याला औषधपाण्यासाठी पैशांची गरज होती अशा माणसाने सोडलं, हे ध्यानात ठेवा. त्याच्या पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. दोघांच्या लेखनात साम्य काही नाही, पण लोकगीतं-लोककथांमध्ये रमलेली ही दोन माणसं एकाच वेळी सत्तेसमोर ताठ उभी राहिली, हे मराठी वाचकाने जोडून बघावं असं मला नेहमी वाटतं.

पोटातल्या अल्सरची शस्त्रक्रिया रेणूंनी १९७७ च्या निवडणुकीसाठी लांबवली. मार्चमध्ये निकाल लागला, आणीबाणी लादणारं सरकार पडलं, आणि मग ते टेबलावर गेले. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलेच नाहीत. ११ एप्रिल १९७७ ला पाटण्यात गेले, छप्पन वर्षांचे होते.

तुमचा प्रश्न होता, अभ्यासक्रमामुळे मोठे झाले का. शहरी, एकाकी माणसांवर लिहिणाऱ्या, प्रागमध्ये वर्षं काढलेल्या निर्मल वर्मांनी रेणूंवर अत्यंत आदराने लिहिलं आहे. रेणूंपेक्षा इतका वेगळा लेखक शोधून सापडणार नाही. अभ्यासक्रम कुणाकडून असा आदर मिळवून देत नाही.

पुस्तकांचं म्हणाल तर ‘मैला आंचल’, ‘ठुमरी’ आणि ‘ऋणजल धनजल’ राजकमलच्या कागदी बांधणीत सहज मिळतात. संपूर्ण हवं असेल तर भारत यायावर यांनी संपादित केलेली ‘रेणु रचनावली’ पाच खंडांत आहे, ग्रंथालयातून आणावी. क्रम असा धरा: ‘पंचलाइट’, ‘ठेस’, ‘संवदिया’, ‘रसप्रिया’, ‘तीसरी कसम’, मग पुराचे लेख. एवढं झालं की टोल्यांचा नकाशा जवळ ठेवून ‘मैला आंचल’ पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करा, सोडलेल्या पानापासून नको. शक्य झालं तर घरात कुणाला तरी वाचून दाखवत वाचा. मधल्या गाण्यांच्या ओळी आणि ढोलाचे बोल गाळू नका. निदान पहिली शंभर पानं तरी ते तोंडाने म्हणा. आणि सिनेमा पुन्हा बघायचा असेल तर ‘तीसरी कसम’ कथा वाचून झाल्यावर लगेच नको, दोनेक महिने जाऊ द्या, नाहीतर हिरामनच्या जागी राज कपूरच दिसत राहतील.